माकड, माणूस आणि माती

जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनाच्या वेळी केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन याचं खंडन केलं. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हेच वाक्य मी मशिदीबाहेरच्या ओट्यावरही ऐकत आलो आहे. एरवी ज्यांचं कशावर जुळत नाही, त्यांचं इथं मात्र एकमत!

खरं तर आजच्या माकडाचा माणूस झाला, असं डार्विन म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी ही चुलत भावंडं. त्यांचे समाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेले. ते कोण पाहणार? पण जंतूंच्या पिढ्या भराभर सरतात. क्षयाच्या रुग्णानं गोळ्या मध्येच सोडल्या, की औषधाला दाद न देणारे थोडे जंतू तगून राहतात आणि पुढची प्रजा त्यांचीच होते. डॉक्टर ‘कोर्स पुरा करा’ म्हणून बजावतात ते याचसाठी. ही उत्क्रांतीच.

मग श्रद्धेचं काय, असं तुम्ही विचाराल. पाऊस कसा पडतो हे आपण भूगोलात शिकलो. तरी दुष्काळात ईदगाहवर पावसासाठी नमाज पढली जाते, कुठं महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात. बाष्पीभवनाच्या धड्यानं कुणाची प्रार्थना बाटली नाही. आदम मातीपासून घडला, यावर माझा विश्वास आहे. ती माती किती काळ मळली जात होती, हे विचारायला मी जीवशास्त्राच्या शिक्षकाकडं जातो. सगळ्या आलिमांना हे रुचणार नाही. पण आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे शेख हुसेन अल-जिस्र यांनी १८८८मध्येच मांडलं होतं, की पुरावा निर्विवाद ठरला तर वचनांचा अर्थ त्याला धरून लावता येईल. जॉर्डनच्या राना दजानी या हिजाब घेणाऱ्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी विद्यापीठात वर्षानुवर्षं उत्क्रांती शिकवली आहे.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३मध्ये उत्क्रांतीचा भाग गेला. १८००हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी विरोध नोंदवला. पुढं कला-वाणिज्य घेणाऱ्या मुलाला हा विषय मग भेटणार कुठं? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. मराठीत आहे, उर्दूतही. शेजारच्या मुलाकडून मागून घेतला, तर वाचायला अर्धा तास पुरतो.