यंत्र धड, आकडा चुकीचा

कॉम्प्युटर आता खेड्यातल्या शाळेलाही नवा राहिलेला नाही. पण त्याच्या पोटात राबणाऱ्या एका नोकराची ओळख फार थोड्यांना असते. त्याचे नाव ड्रायव्हर. कॉम्प्युटरचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. पण प्रिंटर, डिस्क, तारेने जोडलेले दुसरे यंत्र यांची भाषा तिला येत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. या दुभाष्याच्या कामात काही आकडे ठरलेले असतात: किती वेळ थांबायचे, किती जागा अडवायची, कोठवर मोजायचे. त्यांना पॅरामीटर म्हणतात. हे आकडे पुढे चुकीचे कसे ठरतात आणि ते दुरुस्त कसे करतात, ते आपण पाहू.

कोणी म्हणेल, जुनी सिस्टीम गेली, आता तिची चिंता कशाला? पण एखाद्या कारखान्यातला लेथ किंवा प्रयोगशाळेतले मापनयंत्र ज्या ड्रायव्हरवर चालते, तो केवळ जुन्या सिस्टीमसाठीच लिहिलेला असतो. लोखंड धड, मोटर धड, आणि एका आकड्यापायी सारे भंगारात! विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीचा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला. त्यानंतर दुरुस्ती वापरणाऱ्याच्याच हाती राहिली.

पहिले उदाहरण याच विंडोज ९८ चे घ्या. यंत्रात ५१२ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरी बसवली की कधी कधी ते तक्रार करी, 'मेमरी पुरत नाही.' आहे की नाही गंमत? कोठार भरलेले आणि घरात उपास! कारण असे: डिस्कवरचा मजकूर हाताशी ठेवणारा व्हीकॅश नावाचा ड्रायव्हर मेमरीच्या प्रमाणात पत्त्यांची जागा आधीच अडवून ठेवी. मेमरी वाढली, तशी त्याची हाव वाढली आणि इतरांना पत्तेच उरेनात. यावर उपाय सोपा. सिस्टम डॉट आयएनआय या फाइलीत व्हीकॅशच्या विभागात 'मॅक्सफाइलकॅश' या नावापुढे ५,२४,२८८ किंवा त्याहून लहान आकडा लिहायचा. हा आकडा किलोबाइटांचा, म्हणजे ५१२ मेगाबाइट. एक ओळ लिहिली की काम झाले.

दुसरे दुखणे खोल आहे. शिक्षक मंडळींनी हे वर्गात करून पाहावे. शंभर पावले चालायला किती मिनिटे लागली, त्यावरून माणसाची चाल काढायची. पण घड्याळाला सेकंदकाटा नाही. म्हातारा चालला तर दोन मिनिटे भरतात. पोरगा धावत सुटला तर घड्याळात शून्य मिनिटे! आता शंभराला शून्याने भागा पाहू. विंडोज ९५ च्या ड्रायव्हरांत असेच झाले. सुरुवातीला ठरावीक रिकाम्या फेऱ्या मारायच्या आणि लागलेल्या वेळाने भागून प्रोसेसरचा वेग काढायचा, अशी रीत होती. १९९८ च्या सुमारास एएमडी कंपनीचे ३५० मेगाहर्ट्झचे के६-२ प्रोसेसर आले. ते या फेऱ्या इतक्या झटपट संपवीत की भाजक फार लहान होई, भागाकार फसे आणि यंत्र सुरू होतानाच बंद पडे. पुढे २.१ गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसरांवर हीच गत नेटवर्कच्या ड्रायव्हरची झाली. येथे फाइलीत एक ओळ लिहून भागत नाही. ड्रायव्हरच बदलावा लागतो.

तिसऱ्या दोषाला सबुरी फार! विंडोज ९५ आणि ९८ मध्ये काळ मोजणारा ड्रायव्हर मिलिसेकंद मोजी. त्याच्या मोजपट्टीला घरे बत्तीस, प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद मावतात. म्हणजे ४९ दिवस, १७ तास आणि वर सुमारे तीन मिनिटे. मग मोजणी पुन्हा शून्यावर येई आणि यंत्र गोठून जाई. हा दोष उजेडात यायला १९९९ साल उजाडले. कारण उघड आहे. तोवर बंद न करता सलग पन्नास दिवस चाललेले यंत्र होतेच कुठे?

मूळ प्रोग्रॅमचा मजकूर खुला असेल, तर ती ओळ शोधावी, सुधारावी आणि ड्रायव्हर पुन्हा तयार करावा. मजकूर हाती नसेल, तर यंत्रभाषेतले बाइट वाचून नेमकी जागा हुडकावी लागते. तेथे नवी आज्ञा जुनीच्याच मापात बसली पाहिजे. ती लांबली तर पुढचे सारे पत्ते सरकतात. भिंतीतली एक वीट काढून तेवढीच दुसरी बसवावी, तसे हे काम आहे.

हात घालण्यापूर्वी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मूळ फाइलीची प्रत बाजूला काढून ठेवावी. दोष आपल्यासमोर पुन्हा घडवून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा. आणि काय बदलले, ते तारखेसह वहीत लिहावे. शिवाय असे जुने यंत्र इंटरनेटला जोडू नये. त्याचे संरक्षण कधीच कालबाह्य झालेले आहे.

ज्यांनी हे आकडे घातले ते अडाणी नव्हते. त्यांच्या वेळी ते बरोबरच होते. माप तेच राहिले, माल वाढला. म्हणून बंद पडलेले यंत्र दारात आले, तर त्याचा सांगाडा फेकण्याआधी त्याचा आकडा तपासून पाहा.