माल्टा : लहान बेट, लांब वाट

भूमध्य समुद्रांतील माल्टा बेट लांबीला अवघें २७ किलोमीटर. सिसिलीहून जलद नौकेनें तेथें पोंचण्यास सुमारें दोन तास लागतात. एवढ्याशा बेटावर फिरण्यास वेळ तो कितीसा लागणार, असें श्रोत्यांस वाटेल. परंतु १८८३ सालीं राजधानी व्हॅलेटाहून सुरू झालेली आगगाडी मोटारबसच्या स्पर्धेपुढें टिकली नाहीं. १९३१ सालीं ती बंद पडली. आज पांच लाखांवर वस्तीच्या या देशांत चार लाखांवर वाहनें आहेत आणि रस्ते अरुंद आहेत. म्हणून प्रवाशानें स्वतः मोटार हांकण्याच्या भरीस न पडतां बसनें फिरावें. बंदरापलीकडील तीन जुन्या नगरांस तर नौकेनेंच जावें. चिर्केव्वाच्या धक्क्यावरून गोझो बेट पंचवीस मिनिटांवर आहे. खरा वेळ लागतो तो त्या धक्क्यापर्यंत पोंचण्यास.