आयल्ट्सची फी भरायच्या आधी एवढा हिशोब करा



मूलच्या आमच्या दुकानात स्टेशनरी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म असं तिन्ही चालतं. त्यामुळे कोणाच्या घरात काय ठरतंय ते काउंटरवर लवकर कळतं. सातबारा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला यांच्या जोडीला आता पासपोर्टचे फॉर्म यायला लागलेत, आणि फॉर्मच्या मागोमाग प्रश्न येतो, "दादा, नागपूरला आयल्ट्सचा क्लास लावू का?" विचारणारे बरेच जण तुमच्यासारखेच असतात. बीकॉम, बीबीए झालेले, घरचं दुकान नाहीतर राईस मिल सांभाळणारे, एक वर्ष बाहेर मास्टर्स करून धंदा वाढवायचा विचार असलेले.

मी उलट विचारतो, "तुला बँड किती पाहिजे?" इथे गाडी अडते.

बघा, माल भरायच्या आधी गिऱ्हाईक काय मागतं ते आपण बघतो ना? इथे गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठ. प्रत्येक कोर्सच्या पानावर इंग्रजीची अट लिहिलेली असते. बऱ्याच मास्टर्स कोर्सना एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नको, अशी अट दिसते. काही विद्यापीठं टोफेल, पीटीई किंवा ड्युओलिंगोही घेतात. काहींना तर पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्र पुरतं. म्हणजे कदाचित तुम्हाला ही परीक्षा लागणारच नाही! आधी तीन-चार कोर्स निवडा आणि त्यांची अट वहीत लिहा. क्लासचं नंतर बघू.

आता आकडे. आयईएलटीएसची फी आज सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. निकाल दोन वर्षं चालतो. पेपर चार. ऐकणं ३० मिनिटं, वाचन ६० मिनिटं, लेखन ६० मिनिटं आणि बोलणं ११ ते १४ मिनिटं. प्रत्येकाला ० ते ९ बँड. चौघांची सरासरी काढतात आणि ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. ६.५, ६.५, ६, ६ आले तर सरासरी ६.२५, पण मिळतात ६.५. त्यातलाच एक ६.५ घसरून ६ झाला तर सरासरी ६.१२५ आणि हातात येतात ६. एका पेपरातल्या अर्ध्या बँडने सगळा निकाल फिरला. आता दुसरी बाजू बघा. ८, ७.५, ७ आणि लेखनात ५.५. एकूण ७ बँड, ऐकायला भारी! पण "कुठेही ६ पेक्षा कमी नको" या अटीत हा मुलगा बाहेर.

म्हणून घरी बसून, घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवा. केंब्रिजच्या सरावाच्या पुस्तकात असे चार पेपर असतात. परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवर नमुने फुकट मिळतात. कोणता भाग कच्चा आहे ते कळलं की पैसा त्याच भागावर लावायचा. ऐकणं आणि वाचन बऱ्यापैकी जमत असेल तर नागपूरला खोली, मेस, क्लास असा तीन महिन्यांचा खर्च करून दुकान दुसऱ्याच्या हाती देण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. लेखन तपासून देणारा एखादा चांगला शिक्षक ऑनलाइन मिळाला तरी पुष्कळ काम होतं.

आपल्याकडची पोरं मार खातात ती लेखनातच. पहिल्या भागात आलेख किंवा तक्ता देतात, त्यावर किमान १५० शब्द लिहायचे. यासाठी मी एक सराव देतो. आपल्या दुकानाच्या बारा महिन्यांच्या विक्रीचा आलेख काढा. माझा जूनमध्ये शाळा उघडल्या की वर जातो, उन्हाळ्यात झोपतो. तो इंग्रजीत लिहा, २० मिनिटांत. गंमत अशी की दुकानदार लगेच कारणं लिहायला लागतो, मे महिन्यात सुट्ट्या असतात म्हणून वगैरे. परीक्षेत ते नको असतं. जे आकड्यात दिसतं तेवढंच सांगायचं, सगळ्यात जास्त कुठे, कमी कुठे, फरक किती. दुसरा भाग किमान २५० शब्दांचा निबंध. त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून ४० मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवा.

परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर मोबाइलवर अंगठ्याने टाइप करायची सवय कामाची नाही. ज्यांनी सरकारी टायपिंगची ३० किंवा ४० ची परीक्षा दिलीय त्यांना इथे फायदा आहे. स्पेलिंग सुधारून देणारी सोय मात्र तिथे नसते.

ऐकण्याच्या पेपरात "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलेलं असताना तीन शब्द लिहिले की उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. फोनवर ऑर्डर घेताना नाव, पत्ता, नग अचूक टिपणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

बोलण्याची भीती सगळ्यात जास्त आणि तीच सगळ्यात फुकटची. आपल्या उच्चारात मराठी लहेजा आहे म्हणून बँड कापत नाहीत, समोरच्याला समजलं पाहिजे. पाठ केलेलं उत्तर परीक्षक ओळखतो. एका विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. रोज रात्री गल्ला मोजून झाला की दिवसभरातल्या एका गिऱ्हाइकाबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिले आठ दिवस लाज वाटेल, वाटू द्या.

"आपल्या भागातून कोण जातं?" असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे ॲड. दीपक चटप शेतकरी कुटुंबातले. २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. त्याच्या आदल्या वर्षी बुलढाण्याचे राजू केंद्रे तिथेच गेले होते. त्यांचं एकलव्य फाउंडेशन घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना परदेशी प्रवेशासाठी मार्गदर्शन करतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागास आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. शेत गहाण टाकायच्या आधी हे फॉर्म वाचा.

आणि हो, "परीक्षेशिवाय सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारा भेटला तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्यासोबत. विद्यापीठ निकाल ऑनलाइन पडताळतं. फुकट सल्ला देणाऱ्या बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, आपणही कमिशनवर माल विकतो, पण त्याच्या यादीत कोणती विद्यापीठं नाहीत हे जरूर विचारा.

एकाच भागात बँड कमी पडला तर तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय कॉम्प्युटर परीक्षेत आहे, ६० दिवसांच्या आत. सगळी विद्यापीठं तो निकाल मानतातच असं नाही, मेल करून विचारा.

शेवटी फॉर्मचं. शिक्षणासाठी "ॲकॅडमिक" निवडायचं, "जनरल ट्रेनिंग" नाही. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो आणि नाव त्यावर आहे तसंच भरायचं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, त्यात हमखास घोळ होतो. दुकानात येताना पासपोर्ट आणि दहावीची मार्कशीट, दोन्ही आणा.