हेराची सोयिस्कर माया

१९९७ साली डिस्नेच्या ‘हर्क्युलीस’ या चित्रपटात, ज्या ग्रीक देवी हेराने पतीच्या व्यभिचारातून जन्मलेल्या बालक हर्क्युलीसच्या पाळण्यात सर्प सोडले, आणि जिने धाडलेल्या उन्मादात पुढे त्याने स्वतःच्याच मुलांचा वध केला, तिलाच त्याची वत्सल जन्मदात्री ठरवून दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनी मूळ कथेतील अडचणीची सारी कलमे रद्दबातल केली. खलत्वाची मुखत्यारी मग हेडीसकडे गेली. वस्तुतः हा पाताळाचा अधिपती ग्रीकांच्या लेखी कठोर खरा, पण दुष्ट नव्हे. तरीही नऊपैकी पाच कलादेवतांना गॉस्पेलच्या ढंगात कथा गायला लावण्याची युक्ती मला अस्सल वाटते, कारण ग्रीक नाटकातही घटनांवर भाष्य करणारा गायकवृंद रंगभूमीवर असेच.