सफाईकर भरला, मग हे पैसे कशाचे?

पुण्यात ज्याचे घर आहे त्याच्याकडे वर्षातून घरपट्टीचे बिल येतेच. त्यातले आपण वाचतो काय? तळाची एकूण रक्कम! ती पाहून उसासा टाकायचा, सवलतीची मुदत टळण्याच्या आत पैसे भरायचे आणि पावती फायलीला लावायची, एवढाच आपला त्या कागदाशी संबंध. पण वरचा तपशील वाचला, तर त्यात 'सफाई कर' अशीही एक ओळ दिसते. आमच्या सोसायटीच्या सभेत याच ओळीवरून रण माजले. एक निवृत्त गृहस्थ बिल उंचावून म्हणाले, "कचऱ्याचा कर आपण महापालिकेला देतो. मग दारात येणाऱ्या बाईला दरमहा निराळे पैसे का? एकाच कचऱ्याचे दाम दोनदा?"

प्रश्न बिनतोड होता. शिवाय एका सभासदाने तोडगाही आणला होता. एक ठेकेदार सगळा कचरा एकत्रच न्यायला तयार होता. ओला-सुका निवडायची कटकट नाही! चिटणीस या नात्याने उत्तर शोधण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, आणि चार दिवस मी महापालिकेची आरोग्य कोठी ते भंगाराचे दुकान असा फिरलो.

पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की आमच्या दारात येणाऱ्या मावशींना महापालिका पगार देत नाही. मी तरी इतकी वर्षे त्यांना महापालिकेच्याच नोकर समजत होतो. आपल्यापैकी पुष्कळ जण समजत असतील. रस्ते झाडणारे कामगार, कचऱ्याच्या गाड्या, त्यांचे इंधन, खत आणि गॅस करण्याचे प्रकल्प यांवर महापालिकेची तिजोरी खर्ची पडते. घराच्या उंबऱ्यापासून गाडीपर्यंतचा टप्पा मात्र 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेच्या कारभाराचा खर्च, ढकलगाड्या, हातमोजे अशा गोष्टींचा भार महापालिकेने उचलायचा, आणि मावशींची कमाई मात्र घराघरांतून मिळणारे शुल्क व सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून व्हायची, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी आकाशातून पडलेली नाही. चौकाचौकांत कचराकुंड्या होत्या तेव्हा याच बाया त्या उपसत असत, आणि आपण नाकाला रुमाल लावून पलीकडून जात असू. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एस. एन. डी. टी. विद्यापीठातील कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या खटपटीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. पुढे त्यांच्या ओळखपत्रांवर महापालिकेचा शिक्का उमटला. काल ज्यांना पोलीस चोर म्हणून हटकत, त्यांच्या हाती कागद आला. २००१ च्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला, की शहराचा कचरा कमी करून एकेक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते. म्हणजे उपकार कोण कोणावर करीत होते पाहा! २००८ साली महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला, आणि कुंडीपाशी उभी असणारी बाई रीतसर दारात आली. आज संस्थेचे सभासद साडेतीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत.

आता भंगाराच्या दुकानाचे सांगतो. मावशींबरोबर मी तेथे अर्धा तास उभा होतो. पुठ्ठा निराळा, वर्तमानपत्राची रद्दी निराळी, दुधाच्या पिशव्या निराळ्या, काच निराळी, पत्रा निराळा. प्रत्येकाचा भाव निराळा. आणि चकचकीत वेफरच्या पाकिटाला? काडीचीही किंमत नाही! त्यात प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात, की ते वेगळे करणे परवडत नाही. खरकट्याने भिजलेला पुठ्ठाही दुकानदार बाजूला सारतो. म्हणजे आपण आमटीचे भांडे ज्या डब्यात उपडे करतो, त्या डब्यात मावशींची त्या दिवसाची कमाई बुडते. भाव पडले तरी नुकसान त्यांचेच. २०२० च्या टाळेबंदीत भंगाराची दुकाने बंद झाली. विक्री थांबली, पण दारोदारचे काम थांबले नाही. त्या दिवसांत कितीतरी घरांनी 'आम्ही गावी आहोत' म्हणून शुल्कही दिले नाही, असे मावशी हसत सांगतात. मला काही हसू आले नाही.

ठेकेदाराचा एकत्र कचरा जातो कोठे, हेही पाहायला हवे. कोथरूडचा जुना कचरा डेपो आठवतो? तेथे आता मेट्रोचा डेपो आहे. शहराने कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात नेला. तेथल्या विहिरींचे पाणी नासले, आणि २०१४-१५ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचले. एकत्र कचरा म्हणजे अधिक गाड्या, अधिक डिझेल आणि कोणाच्या तरी गावाच्या माथी डोंगर. हा खर्च शेवटी घरपट्टीच्या त्याच बिलातून निघतो. उलट, गांडूळखताचा प्रकल्प चालवणाऱ्यांना महापालिकेने घरपट्टीत पाच टक्के सूट देऊ केली, ती काय दानधर्म म्हणून नव्हे. प्रक्रिया व वाहतुकीचे पैसे वाचतात, त्यातलाच तो वाटा.

हे सारे मी सभेत मांडले. निवृत्त गृहस्थांनी शांतपणे ऐकून विचारले, "मग यांना सरळ पगारच का देत नाहीत?" प्रश्न रास्त होता. शुल्क घरोघर मागावे लागते, तगादा लावावा लागतो, आणि करार संपला की पुन्हा अधांतरी. २०२० अखेर करार संपला तेव्हा काम ठेकेदारांकडे द्यावे अशी कुजबुज महापालिकेत सुरू झाली होती, आणि या बायांना मोर्चे काढावे लागले. माझे मत विचाराल तर शुल्क घरपट्टीतच घ्यावे आणि ते थेट कचरावेचकांच्या हाती जाण्याची हमी द्यावी. पण पंचायतीतल्या काहींना तेच नको. तिजोरीत गेलेला पैसा वेळेवर परत येत नाही, हा त्यांचा जुना अनुभव. त्यांना खोटे ठरवण्याचे धैर्य मला झाले नाही.

ठेकेदाराचा ठराव सात विरुद्ध एकोणीस मतांनी फेटाळला गेला. शुल्क बुडवणाऱ्या चार घरांची थकबाकी सोसायटीने वसूल करून दिली.

मावशींनी मात्र दुसरीच मागणी केली. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो पुरता तोडू नका, म्हणाल्या. तो चिमूटभर तुकडा ओल्या कचऱ्यात पडतो, निवडताना सापडत नाही, आणि खतात जातो. पिशवी विसळून वाळवून दिलीत, तर भंगारवाला दर चांगला देतो.