अश्लीलतेची दोन मापे

मुंबईतील काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालन आणि शहराचे जुने वस्तुसंग्रहालय एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. संग्रहालयात प्राचीन शिल्पकारांनी घडविलेल्या स्त्रीमूर्ती उघड्या वक्षःस्थलाने शतकानुशतके स्मित करीत आहेत. शाळांच्या सहली त्यांच्यापुढून जातात, आणि त्यायोगे मुलांची नीती बिघडली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. १९५४ साली मात्र शेजारच्या कलादालनात एक वेगळाच प्रसंग घडला. पॅरिसहून परतलेल्या अकबर पदमसी या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराच्या प्रदर्शनात प्रेमी युगुलाची दोन चित्रे होती. पोलिसांनी ती उतरविण्यास सांगितले. चित्रकाराने नकार दिला. आणि त्याच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. सरकारने उच्च न्यायालयात अपील केले. तेथेही निकाल चित्रकाराच्याच बाजूने लागला.

एका भिंतीपलीकडे जे वंदनीय, ते अलीकडे दंडनीय कसे ठरले? हा प्रश्न केवळ एका चित्रकाराचा नाही. नग्नता आणि कामभावना यांच्याविषयी समाज जी दोन मापे वापरतो, त्यांचा तो प्रश्न आहे.

पहिले माप खुद्द कायद्यातच होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २९२ ने अश्लील पुस्तके, चित्रे व मूर्ती यांची विक्री आणि प्रदर्शन हा गुन्हा ठरविला. पण देवळांवरील शिल्पे व देवाचे रथ यांना त्याच कलमाने सूट दिली. परक्या राज्यकर्त्यांना लोकांच्या धर्मभावनेला हात लावावयाचा नव्हता, हे उघड आहे. परिणाम मात्र चमत्कारिक झाला. तीच आकृती मंदिराच्या दगडावर असली की निर्दोष, आणि जिवंत कलावंताच्या कॅनव्हासवर आली की संशयित. कला, वाङ्मय व शास्त्र यांच्यासाठीची सूट या कलमात स्पष्ट शब्दांत यावयास १९६९ साल उजाडावे लागले.

अश्लील कशाला म्हणावयाचे, हे ठरविण्याची कसोटीही इंग्लंडहून आली. १८६८ सालच्या हिक्लिन खटल्यात तेथील न्यायाधीशांनी असे ठरविले की, ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडू शकतात, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती ज्या लेखनात असेल ते अश्लील होय. या कसोटीत एक मोठा दोष होता. सुजाण वाचकाला काय वाटेल, हा विचार बाजूला राहिला आणि सर्वांत दुर्बळ मनाच्या वाचकाच्या मापाने सर्वांचे वाचन मोजले जाऊ लागले. १९६० साली इंग्लंडमध्येच 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीचा प्रकाशक निर्दोष सुटला; परंतु १९६४ साली तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ज्या घरातून जुने माप आले, त्या घराने ते टाकून दिले होते. पाहुण्याने मात्र ते जपून ठेवले.

या दुटप्पीपणाची सर्वांत जड किंमत ज्ञानाला मोजावी लागली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रिया, गुप्तरोगांनी पोखरलेले संसार, शरीराविषयीच्या भाबड्या भीती, हे सारे त्यांना डोळ्यांपुढे दिसत होते. या विचारांपायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकीस मुकावे लागले. लेखनाबद्दल १९३१ व १९३४ साली खटले झाले आणि दंड भरावे लागले. दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लील लिहिणे नव्हे, हा त्या युक्तिवादाचा गाभा होता. तमाशाच्या फडात द्व्यर्थी लावणीला दाद देणारे शहर, शरीराचे शास्त्र गंभीरपणे सांगणाऱ्या माणसाला मात्र गुन्हेगार ठरवीत होते! चावट सूचकता समाजाला चालत होती. स्पष्टता चालत नव्हती.

हाच न्याय पुढे चित्रपटांना लागू झाला. पडद्यावरचे चुंबन वर्ज्य मानले गेले, म्हणून कॅमेरा फुलांकडे वळू लागला; पण त्याच चित्रपटांत नायिकेचा पाठलाग, तिची छेडछाड आणि बलात्काराचे लांबविलेले प्रसंग बिनदिक्कत दाखविले जात होते. परस्परांच्या संमतीचे प्रेम लपवावयाचे आणि बळजबरी उघड दाखवावयाची, असा हा उफराटा शिष्टाचार होता. न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांच्या समितीने १९६९ च्या अहवालात म्हटले की, कथेला आवश्यक असेल आणि हाताळणी संयत असेल, तर चुंबन वा अनावृत देह वगळण्याचे कारण नाही. पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरविली. तथापि कामविषय आणि अश्लीलता हे समानार्थी शब्द नव्हेत, हेही स्पष्ट केले. १९९६ साली 'बँडिट क्वीन' चित्रपटाच्या प्रकरणात हा विचार आणखी पुढे गेला. एका स्त्रीची गावापुढे नग्न धिंड काढली जाते, हे दृश्य कामवासना चाळविण्यासाठी नाही, तर अत्याचाराविषयी चीड उत्पन्न करण्यासाठी आहे, असे न्यायालयाने मानले आणि प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र कायम केले.

अखेर २०१४ साली हिक्लिन कसोटीला निरोप मिळाला. टेनिसपटू बोरिस बेकर व त्याची वाग्दत्त वधू यांचे एक अनावृत छायाचित्र १९९३ साली कोलकात्याच्या नियतकालिकांनी पुनर्मुद्रित केले होते. गोरा पुरुष आणि सावळी स्त्री यांच्या प्रेमातून वर्णद्वेषाला दिलेले ते उत्तर होते. छायाचित्राकडे त्याच्या संदर्भासह आणि समकालीन समाजाच्या दृष्टीने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हे सांगितले जाईपर्यंत एकवीस वर्षे लोटली होती.

स्त्रीदेह आणि पुरुषदेह यांच्यासाठीची दोन मापे तर अजून घरोघर आहेत. आपल्या मुलांना स्वतःच्या उघड्या देहावर चित्र रंगवू देणाऱ्या एका मातेवर केरळात खटला झाला. २०२३ साली तिला आरोपमुक्त करताना तेथील उच्च न्यायालयाने दाखवून दिले की, पुरुषाचा उघडा ऊर्ध्वदेह कोणालाच अश्लील वाटत नाही, स्त्रीच्या देहाकडे मात्र सदैव कामविषय म्हणूनच पाहिले जाते. आखाड्यातील पैलवान, घाटावर स्नान करणारा पुरुष हे नित्याचे दृश्य. स्त्रीचा देह मात्र दिसताच खटल्याचा विषय! आणि हाच देह साबणाच्या वा अत्तराच्या जाहिरातीत माल खपविण्यासाठी मांडला जातो, तेव्हा आक्षेपाचा आवाज पुष्कळ खाली येतो.

याचा अर्थ सर्व बंधने फेकून द्यावीत असा नव्हे. बालकांचा गैरवापर, संमतीवाचून घेतलेली वा पसरविलेली छायाचित्रे, माणसाची विटंबना यांना कठोर अटकाव हवाच. परंतु तेथे अपराध नग्नतेचा नसतो. दुसऱ्याच्या इच्छेवर आणि प्रतिष्ठेवर केलेल्या आघाताचा असतो. देह किती झाकला आहे, हे पाहणारे माप नेमके हेच पाहावयास विसरते. म्हणूनच समाज चित्रावर संतापतो आणि पुष्कळदा छळ झालेल्या स्त्रीलाच तिच्या वस्त्रांविषयी जाब विचारतो.

पदमसींच्या चित्रांची कथा १९५४ साली संपली नाही. ते स्वतः २०२० मध्ये निवर्तले; पण त्यांची आणि गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची परदेशांतून आणलेली काही चित्रे मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने अश्लील ठरवून अडवून ठेवली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, असे सांगून चित्रे परत करावयास लावली. सत्तर वर्षांत त्याच शहरात, त्याच चित्रकाराच्या बाबतीत, तोच धडा पुन्हा द्यावा लागला. कायद्याने आपले माप हळूहळू सुधारले आहे. कलादालन आणि संग्रहालय यांच्यामधली भिंत आता उरली आहे ती पाहणाऱ्याच्या मनात, आणि ती पाडण्याचे काम कोणत्याही न्यायालयाच्या अधिकारात येत नाही.