खेळातला लोहार आणि खरा लोहार

माइनक्राफ्ट या खेळात लोखंडी तलवार करायला लोखंडाच्या दोन लगडी आणि एक काठी लागते. कुदळीला तीन लगडी आणि दोन काठ्या. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत हवे असेल तर २४ लगडी. दगडाच्या कुदळीने खाणीतून कच्चे लोखंड काढायचे, आठ दगडी ठोकळ्यांच्या भट्टीत घालायचे, खाली कोळसा ठेवायचा. एक लगड तयार व्हायला १० सेकंद लागतात आणि एका कोळशात आठ लगडी होतात. म्हणजे पूर्ण चिलखताचे लोखंड तीन कोळशांत आणि चार मिनिटांत तयार! आपल्याला सकाळच्या पी.टी.साठी बुटांच्या नाड्या बांधून रांगेत उभे राहायला याहून फार कमी वेळ लागत नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर आपल्यापैकी बरेच जण हे किंवा असेच खेळ खेळतात. त्यांना 'जगण्याचे खेळ' म्हणतात, कारण सुरुवातीला तुमच्या हातात काहीच नसते आणि सगळे स्वतः बनवायचे असते. पालक म्हणतात, वेळ वाया जातो. त्यावर मला वाद घालायचा नाही. मी लोहाराच्या घरातला आहे. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या एका गावात अजून भट्टी पेटवतात; वडील मात्र फौजेत ई.एम.ई.मध्ये गेले. त्यामुळे या खेळांतली लोहारकी कितपत खरी आहे हे तपासायची मला सवय लागली, आणि दहावीचा धातूंचा धडा शिकल्यावर तर जास्तच.

पहिली गोष्ट कोळशाची. माइनक्राफ्टच्या भट्टीला काहीही चालते. लाकडाच्या फळ्या, काठ्या, वाळवलेले समुद्री शेवाळ, एवढेच काय, बादलीभर लाव्हा घातला तर १०० लगडी निघतात. खेळाच्या दृष्टीने इंधन म्हणजे फक्त उष्णता. खऱ्या भट्टीत कोळशाची कामे दोन. तो तापवतो हे एक. दुसरे महत्त्वाचे: जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. खनिज म्हणजे गंजासारखेच, लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. नुसते तापवले तर गरम गंज मिळेल, लोखंड नाही. म्हणून लाव्हावर लोखंड होणे शक्य नाही, कितीही बादल्या ओता.

दुसरी गोष्ट वितळण्याची. खेळात वाटते की भट्टीत लोखंड वितळते आणि साच्यात ओतले जाते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कातड्याचा भाता आणि लाकडी कोळसा यांवर चालणाऱ्या जुन्या भट्ट्या साधारण १२०० अंशांपर्यंत जात. तेवढ्या उष्णतेत लोखंड वितळत नाही, पण त्यातली माती-दगडाची घाण वितळते. तिला कीट म्हणतात. कीट वाहून जाते आणि मागे उरतो स्पंजासारखा, भोकाभोकांचा लोखंडी गोळा. तो लाल असतानाच घणाने ठोकून उरलेली कीट पिळून काढायची. आपण शिकतो त्या इतिहासाच्या पुस्तकात 'लोहयुग' हा एक शब्द असतो; त्या शब्दाच्या मागे हे ठोकणे आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे १९७८ ते १९८० मध्ये उत्खनन झाले. तिथे महापाषाण काळातील लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे विदर्भात हे काम तेव्हाही चालत होते.

खेळांपैकी हे नीट दाखवणारा एकच मी पाहिला, व्हिंटेज स्टोरी. त्यात भट्टी फोडून गोळा बाहेर काढावा लागतो आणि ऐरणीवर ठेवून एकेक कीट हातोड्याने उडवावी लागते. माझ्या चुलत भावाला तो खेळ कंटाळवाणा वाटतो. मला वाटते, तो खरा आहे म्हणूनच कंटाळवाणा आहे. व्हालहाइम नावाच्या दुसऱ्या खेळात लाकडापासून कोळसा करायची वेगळी भट्टी लागते, ही चांगली गोष्ट. पण तिथे एका लाकडाचा एक कोळसा होतो. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीने लाकूड रचून, मातीने झाकून कोळसा पाडला तर लाकडाच्या वजनाचा जेमतेम पाचवा भाग हाती येतो. आपल्याकडे लोणारी लोक हे काम करत. त्याच खेळात कासे करायला दोन भाग तांबे आणि एक भाग कथील घालतात. खऱ्या हत्यारांच्या काशात कथील दहा टक्क्यांच्या आसपास असते. तिसरा हिस्सा कथील घातले तर ते इतके ठिसूळ होईल की कुऱ्हाड पहिल्याच घावाला तुटेल.

आता आपण ज्या शहरात राहतो तिकडे येऊ. बंगळूरच्या आसपासचा प्रदेश लोखंडासाठी जगप्रसिद्ध होता, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडल्यावर इंग्रजांनी फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरला हा मुलूख पाहायला पाठवले. तो १८०० आणि १८०१ मध्ये फिरला. मागडीच्या भागातल्या लोखंडाच्या भट्ट्यांची आणि पोलाद करायच्या पद्धतीची त्याने बारीक नोंद केली आहे. पोलादासाठी मऊ लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालत. सोबत तरवडाच्या लाकडाचे तुकडे आणि हिरवी पाने टाकत. तरवड म्हणजे आपल्या माळावर पिवळ्या फुलांचे झुडूप असते तेच. मुशीचे तोंड मातीने बंद करून ती भट्टीत तापवत. बंद मुशीत लाकडाचा कार्बन लोखंडात शिरतो, आणि कार्बन शिरला की लोखंड वितळायचे तापमान खाली येते. निवल्यावर मूस फोडली की आत पोलादाची लहानशी ढेप. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे. या पोलादाच्या तलवारी होत, पाथरवटांच्या छिन्न्या होत आणि चन्नपट्टणमध्ये वाद्यांच्या तारासुद्धा होत. आज म्हैसूरला जाताना चन्नपट्टण लागते तेव्हा बसमधले सगळे लाकडी खेळण्यांकडे बघतात.

या पोलादाचे नाव इंग्रजांनी 'वूट्झ' असे लिहिले. माझा कन्नड मित्र पोलादाला 'उक्कु' म्हणतो, आणि वूट्झ हा त्याच शब्दाचा बिघडलेला उच्चार असावा असे अभ्यासक मानतात. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे नाव उक्कुनगरम आहे, तेही यावरूनच. आपल्या बाजूचाही यात थोडा वाटा आहे. हेलेनस स्कॉट या डॉक्टरने मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले आणि जॉर्ज पिअरसनने १७९५ मध्ये त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडेनेही यावर प्रयोग केले. फॅरडे म्हणजे विजेच्या धड्यातला तोच. त्याचे वडीलही लोहार होते. ही माहिती मी आजोबांना फोनवर सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "मग?"

शाळा सैनिकी असल्यामुळे अग्निबाणांविषयी लिहिलेच पाहिजे. म्हैसूरच्या सैन्याच्या अग्निबाणांची नळी लोखंडी होती. कागदी किंवा बांबूची नळी लवकर फुटते. लोखंडी नळीत दारू जास्त दाबाखाली जळते, म्हणून बाण लांब जातो. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना हे बाण चांगलेच लक्षात राहिले आणि नंतर विल्यम काँग्रिव्हने त्यांच्यावरून स्वतःचे अग्निबाण बनवले. २०१८ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर येथे एका जुन्या विहिरीत हजाराहून अधिक बाण सापडले. इथे एक मुद्दा बघा. या नळीला कडक पोलाद चालणार नाही. पत्रा वळवायचा, ठोकायचा, तर लोखंड मऊच हवे. खेळात धातूंची शिडी असते: दगडापेक्षा लोखंड चांगले, लोखंडापेक्षा हिरा चांगला. माइनक्राफ्टमधली लोखंडी कुदळ २५० घाव टिकते आणि हिऱ्याची १५६१. खरा हिरा कठीण असतो पण हातोड्याच्या एका घावात त्याचे तुकडे होतात. लोहाराच्या दुकानात 'चांगले लोखंड' असे काही नसते. कशासाठी, हे आधी विचारतात. सोन्याची कुदळ मात्र खेळात फक्त ३२ घावांत संपते, तेवढे त्यांनी बरोबर केले आहे.

दुरुस्तीचेही तसेच. खेळात ऐरण करायला ३१ लगडी लागतात, आणि ती सरासरी २५ वेळा वापरली की मोडते. तिच्यावर काही ठोकावे लागत नाही. झिजलेले हत्यार आणि नवी लगड शेजारी ठेवली की एका लगडीत चौथा हिस्सा भरून निघतो. आजोबांची ऐरण त्यांच्या वडिलांची आहे. मधोमध बशीसारखी झिजली आहे, पण मोडलेली नाही. त्यांच्याकडे नवीन वस्तू करायला कमी लोक येतात. कुदळ, पहार, फाळ शेवटायला, म्हणजे बोथट टोक पुन्हा ठोकून धार लावायला, जास्त येतात. पूर्वी याचे बलुते धान्यात मिळे. आता रोख मिळते आणि गिऱ्हाईक कमी झाले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांना मोबाइलवर माइनक्राफ्ट दाखवला. त्यांनी चष्मा पुढे-मागे करून पाहिले आणि विचारले, "पाणी कुठं पाजतोस?"

मी म्हणालो, "आजोबा, यात पाणी पाजत नाहीत."

"मग ती तलवार कापती कशी?"

हा प्रश्न मला सगळ्या लोहारकीचा गाभा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. तोडीच्या आधी कोयत्यांचे काम येते. आजोबा ट्रकच्या कमानीचे जुने पाटे कापून कोयते करतात. पाटा लाल करून, ठोकून आकार दिला तरी तो कोयता झालेला नसतो, कारण धार मऊ असते. ती पुन्हा लाल करून पाण्यात बुडवली की पोलाद एकदम कडक होते. हेच पाणी पाजणे. पण असे नुसते कडक पोलाद काचेसारखे असते. उसाच्या कांड्यावर नाही, पण खालच्या दगडावर आपटले की धारेचा टवका उडतो. म्हणून आजोबा फक्त धारेची कड बुडवतात, पाठ गरमच ठेवतात. कड लगेच दगडाने घासून चकचकीत करतात. आता पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग चढू लागतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, साधारण २२५ अंशांना. मग तपकिरी, मग २८० च्या सुमारास जांभळा, आणि ३०० ला निळा. पिवळ्यावर थांबवले तर छिन्नीइतकी कडक धार, निळ्यावर गेले तर स्प्रिंगसारखी. कोयत्याला तपकिरी सरून जांभळा दिसू लागतो तिथे थांबवायचे आणि सगळा कोयता पाण्यात. हे रंग काही सेकंदच टिकतात. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. ऊसतोड कामगाराची मजुरी टनावर असते. कोयता मध्येच वाकला किंवा धार तुटली तर त्याचा दिवस जातो आणि तो पुढच्या वर्षी दुसऱ्या लोहाराकडे जातो.

आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या दिवशी दोन डझन कोयते होते. त्यांना लाल रंग दिसतो, तपकिरी आणि जांभळ्यातला फरक आता दिसत नाही, हे मला तेव्हाच कळले. मला शेजारी उभे करून म्हणाले, "तू फक्त रंग सांग. हात माझा."

मी चोवीस वेळा सांगितले. मधे एक सुधारणाही सुचवली. पोलाद ७७० अंशांच्या वर गेले की चुंबकाला चिकटत नाही, हे आम्ही शिकलो आहोत. म्हणून पहिले लाल करताना मी एका मोडक्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून कोयत्याला लावून पाहिले. चिकटायचे थांबले की आणखी थोडे तापवायचे आणि बुडवायचे. आजोबांनी दोनदा स्वतः करून पाहिले आणि चुंबक भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवले. पण पुढच्या रंगांना चुंबकाचा उपयोग नाही. तिथे डोळाच लागतो.

जानेवारीत त्यांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. काका म्हणतात, आता भट्टी बंद करून ऐरण भंगारात द्यावी, किलोवर चांगले पैसे येतील. आजोबा काही बोलत नाहीत, पण कोळशाची दोन पोती त्यांनी आणून ठेवली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नांगराच्या फाळांचे काम असते. फाळाचा रंग कोयत्यापेक्षा वेगळा असतो म्हणे. कोणता, ते फोनवर सांगायला ते तयार नाहीत.